साताऱ्यात नव्याने आलात? घरच्या गाडीचं आणि ॲव्हरेजचं गणित

बदलीवर किंवा एमआयडीसीतल्या नोकरीसाठी आलेल्या कुटुंबाला इथे महिन्याभरात गाडीची निकड लागते. बाहेरून येऊन इथे रुजलेली आम्ही मंडळी नव्या शेजाऱ्याला आधी एकच सांगतो: टेस्ट ड्राइव्ह यवतेश्वरच्या घाटात मागा. शोरूमवाले हायवेला एक चक्कर मारून आणतात, त्यात काही कळत नाही. घरची सगळी माणसं बसवा, एसी लावा आणि चढावर गाडी पूर्ण थांबवून पुन्हा उचला. हाफ क्लचवर फार वेळ रेटावं लागलं, करपल्यासारखा वास आला किंवा पहिला गिअर सोडवेना, तर ती गाडी तुमच्या घराला पुरणार नाही. दोघा-तिघांना एक लिटरचं इंजिन चालतं. आई-वडील आणि मुलं धरून पाच जण नेहमी बसणार असतील तर १.२ लिटरच्या खाली जाऊ नका. लहान इंजिन चढावर पिळावं लागतं आणि कागदावरचं ॲव्हरेज तिथेच संपतं.

लांबी चार मीटरच्या आतच ठेवा. जुन्या शहरातल्या पेठांच्या बोळांत वळायला सोपं पडतं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटर आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के.

डिझेलचा मोह बहुतेकांना होतो. पण बीएस-६ (प्रदूषणाच्या सध्याच्या नियमांच्या) डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी जाळायला इंजिन चांगलं तापून पंधरा-वीस मिनिटं एका वेगात पळावं लागतं. गोडोली ते राजवाडा अशा गावातल्या छोट्या फेऱ्यांत ते कधीच होत नाही. मग फिल्टर तुंबतो, दिवा लागतो आणि खर्च मोठा येतो. रोज कराडला किंवा आठवड्याला पुण्याला जाणाऱ्यानेच डिझेल घ्यावं.

आता सीएनजी. कंपनीतून बसून येणारं किट गाडीच्या किमतीत साधारण ९० हजारांची भर घालतं. पेट्रोल १०४ रुपये आणि सीएनजी ९० रुपये धरा. पेट्रोलवर खरं ॲव्हरेज १७ आणि सीएनजीवर किलोला २५. म्हणजे किलोमीटरला ६.१२ विरुद्ध ३.६०, बचत साधारण अडीच रुपये. ९० हजार वसूल व्हायला ३६,००० किलोमीटर लागतात. महिन्याला १,५०० चालवणाऱ्याचे पैसे दोन वर्षांत फिटतात, ५०० चालवणाऱ्याला सहा वर्षं. भाव बदलतील, तेव्हा आकडे तुमचे घाला, पण हे गणित मांडल्याशिवाय सही करू नका. सीएनजीवर ताकद थोडी कमी पडते, म्हणून घाट सुरू होण्याआधी बटण पेट्रोलवर टाका. पेट्रोलची टाकी पाव तरी भरलेली असू द्या, नाहीतर आतला पंप कोरडा फिरून जळतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी, दर तीन वर्षांनी करावी लागते. सेकंडहँड घेताना ती तारीख आधी वाचा. साठ लिटरचा सिलिंडर डिकी खातो. टाटाच्या पंच, अल्ट्रोझसारख्या गाड्यांत दोन छोटे सिलिंडर खाली बसवलेत, तिथे सामानाला जागा उरते.

कंपनीचा आकडा घरी मिळत नाही, त्यावर भांडू नका. वॅगन-आरच्या एक लिटर पेट्रोलला कागदावर २४.३५ आहे, इथल्या चढ-उतारात १६ ते १८ मिळालं तर गाडी ठीक आहे. शिवाय पंपावर मिळणारं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतंच. २०२३च्या आधीची गाडी घेत असाल तर इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील मेकॅनिककडून बघून घ्या.

ॲव्हरेज मोजायचं ते टाकी ते टाकी. नोझल आपोआप बंद होईल तिथे थांबा, वरून ठासून भरू नका. ट्रिप मीटर शून्य करा, ३००-४०० किलोमीटर चालवा, त्याच पंपावर पुन्हा तसंच भरा आणि भागाकार करा. एका टाकीवर निष्कर्ष काढू नका, तीन टाक्यांची सरासरी घ्या. डॅशबोर्डचा आकडा बहुधा जास्तच दाखवतो.

सगळ्यात जास्त पेट्रोल चुकीच्या सवयींनी जातं. उतारावर न्यूट्रल टाकणं ही त्यातली सर्वांत घातक. आजच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. वर ब्रेक तापून पकड सोडतात ते वेगळंच. कासहून किंवा पसरणीचा घाट उतरताना दुसरा-तिसरा गिअर ठेवा. चढताना इंजिन गुरगुरेपर्यंत वरचा गिअर ओढू नका. हायवेवर ८०-९० धरा. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, ११०ला फरक लगेच दिसतो. हवा पंधरा दिवसांनी, टायर थंड असताना तपासा; आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर असतो. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनंतर अलाइनमेंट करून घ्या.

पुण्याला दर आठवड्याला जाऊन येत असाल तर आणेवाडी आणि खेड-शिवापूर धरून चार टोल लागतात. १५ ऑगस्ट २०२५ला सुरू झालेला फास्टॅगचा वार्षिक पास तेव्हा ३,००० रुपयांत २०० फेऱ्यांचा होता; एक टोल ओलांडला की एक फेरी, म्हणजे पन्नास आठवडे निघतात.

परराज्यातली गाडी आणली असेल तर बारा महिन्यांच्या आत इथलं पासिंग करावं लागतं. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, निघण्याआधीच घेऊन ठेवा. मागाहून तेवढ्यासाठी परतीची खेप पडते. महाराष्ट्रातलीच गाडी असेल तर एमएच ११, म्हणजे साताऱ्याचा नंबर, घ्यावा लागत नाही, फक्त पत्ता बदलून घ्या. इथे सेकंडहँड घेताना आरसीवर बँकेचा बोजा दिसला, तर विकणाऱ्याकडून फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) आणि बँकेचं पत्र हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका.