चैत्रातली फुलबाग: मधमाश्या याव्यात आणि घरचा कुत्राही सुखरूप राहावा

येऊरच्या डोंगरावर पळस-पांगारा फुलू लागला की ठाणे-नवी मुंबईतल्या बागायतदारांनी फुलांचे वाफे तयार करायला घ्यावेत. झिनिया आणि कॉसमॉस पेरल्यापासून साधारण दीड-दोन महिन्यांत फुलतात. त्यामुळे काकडी, दुधी, भोपळ्याचं बी टोकण्याआधी पंधरा दिवस फुलं पेरली, तर वेल फुलोऱ्यावर येईपर्यंत माश्यांचा राबता सुरू झालेला असतो. या वेलांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात. पराग पोहोचला नाही तर मादी फुलामागची कोवळी काकडी पिवळी पडून गळते, आणि आपण खत कमी पडलं म्हणून खत टाकत बसतो.

फुलं एकेरी पाकळ्यांची निवडा. भरगच्च गोंडा हाराला उत्तम, पण त्यातला मध-पराग माशीच्या हाती फारसा लागत नाही. झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल, सबजा, तुळस ही फुलं सातेरी आणि फुलोरी मधमाश्यांना आवडतात, शिवाय कुत्र्या-मांजरांनाही त्यांचा धोका नाही. तुळशीच्या दोन-चार रोपांच्या मंजिऱ्या न खुडता ठेवा. लिंबू आणि कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या आढळल्या तर हात आखडता घ्या, त्यांचीच पुढे फुलपाखरं होतात.

वांग्याचं फूल मात्र जवळून बघण्यासारखं. त्याचे पराग नळीसारख्या पुंकेसरांत बंद असतात. काळा भुंगा फुलाला मिठी मारून अंग थरथरवतो, आवाज एकदम चढतो आणि टोकाच्या छिद्रातून पराग त्याच्या पोटावर सांडतात. सातेरीला हे जमत नाही. म्हणून कुंपणाचा जुना वाळका बांबू किंवा ओंडका फेकू नका, भुंग्याचं घर तिथेच असतं.

आता कुत्र्याचं. मधमाशीची भीती सगळ्यांनाच वाटते, पण खरा धोका खताच्या पोत्यात असतो. एरंडीची पेंड कुत्र्याला वासाने खेचून घेते. मातीत मिसळली तरी तो उकरून खातो, आणि तिच्यातलं विष जीवघेणं आहे. उलट्या, रक्ताची हगवण कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी सुरू होते. घरात जनावर असेल तर एरंडी पेंड आणूच नका, गांडूळखत किंवा चांगलं कुजलेलं शेणखत पुरतं. गोगलगायींसाठी मिळणाऱ्या विषारी गोळ्याही तशाच घातक. कण्हेर, बिट्टी, रुई, घाणेरी कुत्र्याच्या तोंडापासून लांब ठेवा. घरात मांजर असेल तर लिली कुंडीतसुद्धा नको, तिच्या परागानेही मांजराची किडनी निकामी होते.

कुत्रा कुंपणाच्या कडेने रोज एकाच वाटेने फिरतो. ती वाट मोकळी सोडून वाफे आत घ्या. ओली भुसभुशीत माती त्याला उकरावीशी वाटणारच, म्हणून पेरणीनंतर वाफ्यावर काटक्या आडव्या टाका आणि सावलीत त्याच्यासाठी वेगळा मातीचा कोपरा करून द्या.

फवारणी टाळता येत नसेल तर निंबोळी अर्क सूर्यास्तानंतर, तोही उमललेली फुलं सोडून वापरावा. दुधी संध्याकाळी उमलतो आणि त्याच्यावर रात्री पतंग येतात, तेव्हा दुधीच्या वेलावर फुलोऱ्यात फवारणी करूच नका. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक फुलबागेत नकोच. कुत्र्याच्या मानेवर गोचिडांसाठी सोडायच्या थेंबांतही बहुधा हेच किंवा फिप्रोनिल हे दुसरं कीटकनाशक असतं, दोन्ही मधमाश्यांना मारक. थेंब सोडल्यावर काही दिवस कुत्र्याला माश्यांसाठी ठेवलेल्या पाण्यात तोंड घालू देऊ नका.

माश्यांसाठी पसरट ताटलीत खडे घालून पाणी ठेवावं, डासांमुळे एक दिवसाआड बदलावं. कुत्र्याचं भांडं निराळं, आणि वाफ्यापासून दूर. कुत्र्याला मधमाशी चावलीच तर नांगी नखाने खरवडून काढा, गार पाण्याची पट्टी ठेवा. तोंड-गळा सुजला, धाप लागली किंवा तोंडाच्या आत डंख झाला, तर घरगुती उपायात वेळ न घालवता लगेच पशुवैद्याकडे न्या.