अंगण एक, चुली आठ

गेल्या महिन्यात नाशिकच्या एका मुलाचा निरोप आला. "ताई, पगार महिना ३० लाख शिलिंग म्हणतायत. घेऊ का?" आईने पेढे वाटायची तयारीही केली होती म्हणे. मी विचारलं, "शिलिंग कुठला?" त्याला प्रश्नच कळला नाही. नोकरी कंपालाची होती. युगांडाचे साधारण ३,६०० शिलिंग दिले की एक डॉलर येतो. म्हणजे ३० लाखांचे झाले आठशे-साडेआठशे डॉलर, आपले सत्तर हजारांच्या आसपास. तेच ३० लाख केनियाचे असते तर तेवीस हजार डॉलर झाले असते, आणि मी त्याला सांगितलं असतं, बाबा रे, माझ्यासाठीही एक खुर्ची बघ.

मी सांगलीहून नैरोबीला आले २००६ साली. तेव्हापासून एका क्लिअरिंग-फॉरवर्डिंगच्या कंपनीत हिशेब बघते. केनियाच्या मोंबासा बंदरात उतरलेला माल युगांडात कंपाला, रवांडात किगाली, दक्षिण सुदानात जुबापर्यंत पोचवणं हे आमचं काम. त्यामुळे हा प्रदेश मला पर्यटकासारखा कधी दिसलाच नाही, बिलं आणि अडकलेले ट्रक यांतूनच दिसला. नव्याने येणारे सगळे तेच प्रश्न विचारतात, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

इथे ईएसी, म्हणजे ईस्ट आफ्रिकन कम्युनिटी, हा शब्द तुमच्या कानावर रोज पडेल. केनिया, युगांडा, टांझानिया, रवांडा, बुरुंडी, दक्षिण सुदान, २०२२ पासून काँगो आणि २०२४ पासून सोमालिया, असे आठ देश. कचेरी टांझानियातल्या अरुशाला. कागदावर हा एकच बाजार आहे. २००५ पासून जकात संघ, २०१० पासून सामाईक बाजारपेठ. एकच चलन २०२४ पर्यंत यायचं होतं, आता २०३१ म्हणतात. मला विचाराल तर हे आपल्याकडच्या वाटण्या झालेल्या वाड्यासारखं आहे. अंगण एक, दिंडी एक, पण चुली आठ. आणि तुम्ही जेवणार एकाच चुलीवर.

एके काळी चूलही एकच होती. १९२० पर्यंत इथे चक्क आपला रुपया चालायचा. मग केनिया, युगांडा, टांझानिया या तिघांचा मिळून एक शिलिंग आला, तो १९६६ साली फुटला आणि तीन शिलिंग झाले. रेल्वे, टपाल, विमान कंपनी सगळं सामाईक होतं. १९६७ साली त्याला रीतसर समुदाय म्हटलं, आणि १९७७ साली सगळं मोडलं. केनिया भांडवलशाहीच्या वाटेने, टांझानिया राष्ट्राध्यक्ष न्यरेरेंच्या समाजवादाने, आणि युगांडात हुकूमशहा इदी अमीन, ज्याच्याशी न्यरेरे एका टेबलाला बसायला तयार नव्हते. आत्ताचा संसार १९९९च्या कराराने दुसऱ्यांदा मांडलेला आहे. म्हणून इथली जुनी माणसं एकीकरणाची भाषणं ऐकून नुसती हसतात.

आता कामाचं. तुम्हाला इथे बोलावतात कशाला? बाहेरून येणाऱ्या मालावरच्या जकातीचं ईएसीचं धोरण एक आहे: कच्च्या मालावर शून्य, अर्धवट तयार मालावर १० टक्के, तयार मालावर २५, आणि २०२२ पासून कपडे, फर्निचर वगैरेंवर ३५ टक्के. म्हणजे भारतातून तयार वस्तू आणून विकण्यापेक्षा कच्चा माल आणून इथेच बनवणं परवडतं, आणि इथे बनलेलं शेजारच्या देशात बिनजकातीचं जातं. साबण, प्लॅस्टिक, पत्रे, खाद्यतेल यांचे कारखाने या जकातीच्या भिंतीच्या आत उभे आहेत, आणि त्यांना शिफ्ट सांभाळणारा इंजिनिअर नाहीतर हिशेब जुळवणारा माणूस लागतो. तुमची नोकरी बहुतेक त्या ३५ टक्क्यांनीच तयार केलेली असते. उद्या अरुशात तो आकडा बदलला तर तुमच्या मालकाला तुमच्या आधी घाम फुटेल.

पण सामाईक बाजारपेठेतलं ये-जा करण्याचं स्वातंत्र्य या देशांच्या नागरिकांना आहे, तुम्हाला नाही. केनियाचा वर्क परमिट केनियापुरताच. "दोन आठवडे कंपालाच्या प्लँटला जाऊन ये" असं साहेब सहज म्हणतात. केनिया, युगांडा, रवांडा या तिघांचा मिळून एक पर्यटक व्हिसा मिळतो, पण तो फिरायचा आहे. त्यावर काम करताना सापडलात तर पासपोर्ट तुमचा अडकतो, साहेबांचा नाही. माझ्या ओळखीच्या एकाने अशा भानगडीत सहा दिवस हॉटेलात बसून काढले, जेवणाचं बिलही स्वतः भरलं.

पगाराचं पत्र हातात आलं की तीन गोष्टी बघा. रक्कम कुठल्या चलनात, हातात किती आणि दर कुठला. केनियात आयकर चढत्या पायरीने ३५ टक्क्यांपर्यंत जातो. त्यावर आरोग्य विम्याचे २.७५ टक्के, घरबांधणीचे १.५ टक्के आणि निवृत्तीचा हप्ता. "ग्रॉस" ऐकून खूश होऊ नका. दराचं मात्र मी जरा तपशिलात सांगते, कारण तिथे मी स्वतः पोळले आहे. २०२३ सुरू झालं तेव्हा डॉलरला १२३-१२४ शिलिंग पडत होते. जानेवारी २०२४ मध्ये तोच दर १६० पर्यंत गेला. सरकारला जूनमध्ये दोन अब्ज डॉलरचे रोखे फेडायचे होते आणि ते कसे फेडणार हे कुणालाच कळत नव्हतं. फेब्रुवारीत नवे रोखे काढून जुन्यांची सोय झाली आणि शिलिंग बघता बघता १३०वर परत आला. ज्यांनी घाबरून १६०ने डॉलर घेऊन ठेवले ते आजही हळहळतात. (मी त्यांतलीच.) पत्रात "डॉलरमध्ये पगार, शिलिंगमध्ये देय" असं वाक्य असेल तर कुठल्या दिवशीचा आणि कुठल्या बँकेचा दर, हे लिहून मागा. लाजू नका.

त्याच जूनमध्ये कर वाढवणाऱ्या विधेयकावरून तरुण पोरं रस्त्यावर आली आणि २५ तारखेला संसदेत घुसली. ब्रेडवर १६ टक्के व्हॅट लावायचा प्रस्ताव त्याआधीच मागे घेतला होता, दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी सगळं विधेयकच सोडून दिलं. तेव्हापासून आमच्या घरात पंधरा दिवसांचं धान्य आणि गॅसचं एक जास्तीचं सिलिंडर असतं. तुम्हीही ठेवा.

पैसे देण्याघेण्याबद्दल भारतातून येणारा प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात यूपीआयची बढाई मारतो. मारू नका. यूपीआय आलं २०१६ला, इथे एम-पेसा मार्च २००७ पासून चालू आहे. मी नवीन होते तेव्हा ते सुरू झालेलं पाहिलं. साध्या बटणांच्या फोनवर, बँकेत खातं नसलेल्या बाईला गावी पैसे पाठवता यायला लागले. "पेसा" म्हणजे आपला पैसाच, शब्द समुद्रातून इकडे आला. फरक एवढाच की इथे पैसे पाठवायला बहुतेक वेळा शुल्क पडतं, तेव्हा महिन्याचा हिशेब मांडताना ते धरा. पाठवण्याआधी समोरच्याचं नाव दिसतं, ते वाचा. चुकून भलत्याला गेले तर आलेला मेसेज लगेच ४५६ या क्रमांकाला पाठवा. आणि "चुकून तुम्हाला पाठवले, परत करा" असा फोन आला तर आधी स्वतःची शिल्लक तपासा. युगांडात गेलात की मात्र दुसरं सिम, दुसरं पाकीट, एमटीएन नाहीतर एअरटेलचं. चुली वेगळ्या म्हटलं ते याच.

या चुली एकमेकींवर किती अवलंबून आहेत ते मला जानेवारी २००८ मध्ये कळलं. केनियात निवडणुकीनंतर दंगली उसळल्या, रिफ्ट व्हॅलीतला रस्ता बंद झाला, रेल्वेचे रूळ उखडले. मोंबासापासून कंपाला हजार किलोमीटरहून लांब, पण तिथे पेट्रोलच्या रांगा लागल्या आणि किगालीतही भाव भडकले. आमचे ट्रक वाटेत उभे, आणि मी रोज रात्री त्यांचं दिवसभाडं मोजत बसायचे. युगांडा, रवांडा, दक्षिण सुदान यांना स्वतःचा समुद्र नाही. मोंबासा नाहीतर टांझानियाचं दार-ए-सलाम, मुख्य दारं ही दोनच. म्हणून किगालीला बदली झालेल्याला महिन्याचा खर्च जास्त लागतो. मालाने सीमा ओलांडायच्या, आणि वर रवांडात वाहनं उजवीकडून चालतात, केनिया-युगांडात डावीकडून.

सीमेवरची भांडणं तर विचारू नका. २०१७ साली टांझानियाने केनियातून आलेली कोंबडीची ६,४०० पिल्लं नमांगाला जाळून टाकली. रोगाची भीती, असं कारण दिलं. २०१९च्या फेब्रुवारीत रवांडाने युगांडालगतची गातुनाची सीमा बंद केली, ती जवळजवळ तीन वर्षांनी उघडली. मार्च २०२१ मध्ये केनियाने एका रात्रीत शेजाऱ्यांचा मका थांबवला, बुरशीचं विष आहे म्हणून, आणि थोड्याच दिवसांत अटी घालून पुन्हा सोडला. प्रत्येक वेळी कारण आरोग्याचं नाहीतर सुरक्षेचं, आणि आतून भांडण बाजाराचं. तुम्ही विक्री किंवा पुरवठ्यात असाल तर जकातीच्या तक्त्यापेक्षा सीमेवरच्या एजंटचा फोन जास्त उपयोगी पडतो.

बायकोने पार्लर काढावं, आपण मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकावं, असा बेत करून कुणी दार-ए-सलामला येत असेल तर थांबा. जुलै २०२५ मध्ये टांझानियाने परदेशी लोकांना असे पंधरा प्रकारचे छोटे धंदे करायला बंदी घातली. केनियाच्या लोकांनाही ती लागू झाली. सामाईक बाजारपेठेतल्या शेजाऱ्याला!

आपल्या स्वयंपाकघराशी जोडलेली एक गोष्ट सांगायलाच हवी. टांझानियात तूर पिकते, तिला म्बाझी म्हणतात, आणि ती बहुतांश आपल्यासाठीच पिकते. २०१७ साली भारतात तूर उदंड झाली, लातूर-अकोल्याकडे भाव पडले, आणि ऑगस्टमध्ये सरकारने वर्षाला दोन लाख टनांहून जास्त तूर आणायला मनाई केली. इकडे दक्षिण टांझानियातल्या शेतकऱ्याची पोती घरात पडून राहिली. त्या माणसाने लातूरचं नावही ऐकलेलं नव्हतं. २०२१ साली आयात पुन्हा मोकळी झाली. मला तेव्हा दोन्हीकडचं वाईट वाटलं होतं, कोणाची बाजू घ्यावी ते आजही ठरत नाही.

भाषा शिका, महिनाभरात बाजारापुरती येते. दुका म्हणजे दुकान, गारी म्हणजे गाडी, बिमा म्हणजे विमा, हेसाबू म्हणजे हिशेब, लाकी म्हणजे लाख. नात्यांत मात्र फसाल. स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण, काका म्हणजे भाऊ आणि मामा म्हणजे आई. कोपऱ्यावरच्या भाजीवालीला मामा म्बोगा म्हणतात. माझी सासू आली होती तेव्हा "मामांकडून कोथिंबीर आण" म्हटल्यावर पुरुष शोधत फिरली. वेळही सांभाळा. स्वाहिलीत दिवस सकाळपासून मोजतात, सात वाजले की "सा मोजा", म्हणजे पहिला तास. सुतार "सा तातू" म्हणाला, तातू म्हणजे तीन, तर तो सकाळी नऊला येणार आहे. दुपारी तीनला वाट बघत बसू नका.

हा सुतार, मामा म्बोगा, गॅरेजवाला, सगळे "जुआ काली" म्हणजे कडक उन्हातले. छप्पर नाही, पगारपत्रक नाही. देशातले बहुसंख्य कामकरी याच वर्गातले, नोकरदार थोडे. त्यांची बँक म्हणजे चामा. आपली भिशी, तीच. आमच्या ऑफिसातल्या बायकांच्या चामात मी आठ वर्षं आहे, आणि माझ्या धाकटीच्या ऑपरेशनचे पैसे बँकेच्या आधी तिथून आले.

आणि एक स्पष्टच बोलते. इथे आपल्याला "म्हिंदी" म्हणतात, आणि त्या शब्दात रेल्वे बांधणारे मजूरही आहेत, नफेखोर दुकानदारही. १८९६ पासून पाच वर्षांत मोंबासा ते व्हिक्टोरिया सरोवर रूळ टाकायला तीसेक हजार माणसं हिंदुस्थानातून आली, अडीच हजारांच्या आसपास इथेच मेली. १९७२ साली अमीनने युगांडातल्या आशियाईंना ९० दिवसांत हाकललं. २०१७ साली केनियाने इथल्या आशियाईंना देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. तुमच्याशी कोणी कसं बोलेल हे यांतलं त्याला काय आठवतं त्यावर आहे. घरकामाच्या बाईला वेगळा कप देणं, ड्रायव्हरला पन्नाशीतही "बॉय" म्हणणं, हे आपल्या काही मंडळींच्या घरी मी पाहिलंय. तसं वागाल तर माझ्याकडे चहाला येऊ नका.

निघताना सामानात गोडा मसाला, मेतकूट, कोकम आणा. तूरडाळ नैरोबीत पार्कलँड्सला हवी तेवढी मिळते. डबे वापरा. दुकानातल्या कॅरीबॅगांवर केनियात २०१७ पासून बंदी आहे, रवांडात २००८ पासून. आणि पिवळ्या तापाची लस. नैरोबीत उतरताना कदाचित कोणी विचारणार नाही, पण केनिया-युगांडातून मुंबईला परतताना कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. आईच्या साठीला म्हणून निघालेला माणूस असा अडकलेला मी पाहिलाय. लस टोचल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड ग्राह्य होतं, पुढे आयुष्यभर चालतं. पासपोर्टच्या आतच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.