कागदी लिंबाचं झाड हलवताना हुंडी सांभाळा

फाटकाजवळ हौसेने लावलेलं कागदी लिंबू दोन वर्षांत येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओरबाडू लागतं. मग ते हलवायचा विचार सुरू होतो. खोड अंगठ्याएवढं असेल तर खुशाल हलवा. मनगटाएवढं झालं असेल तर फाटकच हलवा.

मुहूर्त मृगाचा. दोन-चार चांगले पाऊस पडून उघडीप मिळाली की कामाला लागा. कोवळी पालवी फुटलेली असेल तर ती निबर होईपर्यंत थांबा. नवा खड्डा दोन-अडीच फूट रुंद हवा, खोली हुंडीएवढीच, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्याएवढी. मातीत पाटीभर कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण घालाल तर मुळं खाणारी हुमणी अळी पोसाल.

आता ही हुंडी. 'भर पावसात उपटा, माती सैल असते' हा सल्ला ऐकून मी पहिलं लिंबू घालवलं. बुंध्याला धरून ओढलं, झाड हातात आलं आणि माती खड्ड्यातच राहिली. पाणी पिणारी केसासारखी मुळं त्या मातीबरोबर गेली.

तयारी दीड महिना आधी करा. खोडापासून साधारण १५ सेंटीमीटरवर वर्तुळ आखा आणि चपट्या तोंडाच्या पहारीने अर्ध्या वर्तुळातली मुळं सरळ खाली कापा. उरलेला अर्धा भाग तीन आठवड्यांनी. एकदम सगळं कापलंत तर झाड उन्हाळ्यात मान टाकेल. या काळात पाणी तोडू नका. कापलेल्या टोकांना आतल्या बाजूने बारीक मुळं फुटतात, आपल्याला तीच न्यायची आहेत.

खणायच्या दिवशी वाफसा हवा. मूठ दाबली की मातीचा गोळा व्हावा, बोटाने ढकलला की फुटावा. चिखलात हुंडी ओघळते, कोरड्यात भुगा होतो. वर्तुळाबाहेर चर खणा, तिरकं आत जात तळ मोकळा करा, जाड मूळ आलं तर सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने कापा. झाड जरा कलवून खालून गोणपाट सरकवा आणि सुतळीने घट्ट आवळा. दोघांनी खालून उचला. मदतीला आलेल्या माणसाचा हात हटकून बुंध्याकडे जातो, त्याला आधीच बजावून ठेवा.

खड्ड्यात ठेवल्यावर गाठी सोडा. तागाचं गोणपाट कुजतं, प्लास्टिकचं असेल तर काढाच. माती खोडावर पूर्वी होती तिथपर्यंतच येऊ द्या. खोडाशी पाणी साचलं की डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग लागतो, म्हणून आळं दुहेरी करा: आतलं खोडाभोवती कोरडं, बाहेरच्यात पाणी. काठीचा आधार, पंधरा दिवस शेडनेटची सावली.

पुढच्या आठवड्यात पानं गळाली तर घाबरू नका, झाड आपलं ओझं कमी करतंय. पानं वाळूनही फांदीला चिकटून राहिली तर मात्र नखाने साल खरवडून बघा. खाली हिरवं दिसलं तर थांबा, तपकिरी असेल तर हिरवं लागेपर्यंत फांदी छाटत खाली या.