सांधे दुखणाऱ्या मांजरासाठी घराची तयारी

पहिली तयारी मोबाइलची. दवाखान्यात मांजर टेबलावर अंग चोरून बसतं आणि एक पाऊलही टाकत नाही. मग डॉक्टरांना त्याची चाल दिसणार कशी? म्हणून आधीचा आठवडाभर घरातच छोटे व्हिडिओ काढा: पलंगावर चढताना, खिडकीतून उतरताना, जिन्यावर, लिटर ट्रेमध्ये (त्याच्या शी-शूच्या पसरट भांड्यात) पाय टाकताना. ते लंगडण्याची वाट बघत बसू नका. मांजराचे बहुधा दोन्ही बाजूंचे सांधे दुखत असतात, त्यामुळे लंगडणं फारसं दिसतच नाही. दिसतं ते वेगळंच. उडी मारण्याआधी ते वर बघत घुटमळतं, पुढचे पंजे कडेला टेकवतं आणि मागचं अंग ओढून घेतं. उतरताना पुढचे पाय सोफ्याच्या बाजूवरून होईल तितके खाली घसरवतं आणि मगच अंग सोडतं. हेच क्षण पकडा. पाठीवर आणि शेपटीच्या मुळाशी केसांच्या गुठळ्या झाल्या असतील तर त्यांचाही फोटो घ्या, कारण मान वळवून तिथपर्यंत चाटणं दुखऱ्या मांजराला जमत नाही. 2002 साली अमेरिकेत 12 वर्षांपुढच्या 100 मांजरांचे एक्स-रे अभ्यासले गेले, तेव्हा त्यांतल्या 90 मांजरांमध्ये सांध्यांची झीज दिसली. तेव्हा ‘वय झालं, आता झोपायचंच’ असं म्हणून विषय सोडू नका.

दवाखान्याची वेळ ठरली की कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, त्याच दिवशी माळ्यावरून काढू नका. चार दिवस आधीच घरात उघडा ठेवा, आत त्याच्या अंगाचा वास असलेलं दुपटं घाला. वरून उघडणारा कॅरियर असेल तर उत्तम, दुखऱ्या पायांना ओढून बाहेर काढावं लागत नाही. एक्स-रेबरोबर मूत्रपिंडाची रक्ततपासणी आणि लघवीची तपासणी आवर्जून विचारा. म्हाताऱ्या मांजरांची मूत्रपिंडं आधीच थकलेली असू शकतात आणि वेदनेवरचं औषध त्यावरच ठरतं. गावात सोय नसेल तर मुंबई, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयांकडे चौकशी करता येते.

आता घरातला औषधांचा डबा. हा भाग मी सगळ्यात कळकळीने सांगते. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ते औषध पचवून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. रक्तातली प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक ही आपली वेदनाशामकंसुद्धा द्यायची नाहीत. आपण गुडघ्याला चोळतो ते जेल, बाम, मालिशचं तेल त्याच्या अंगाला लावू नका, आणि आपण लावलं असेल तर ते हात-पाय त्याला चाटू देऊ नका. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक डॉक्टर मांजराला देतात हे खरं, पण माणसांची गोळी 7.5 किंवा 15 मिलिग्रॅमची असते आणि 4 किलोच्या मांजराची रोजची मात्रा 0.2 मिलिग्रॅमच्या आसपास. गोळीचे तुकडे करून हा हिशेब साधत नाही. डॉक्टरांनी दिलेलं पातळ औषध त्यांनी दिलेल्या सिरिंजनेच मोजायचं. उलटी झाली किंवा जेवण सुटलं तर पुढची मात्रा न देता आधी डॉक्टरांना फोन करायचा.

मग घर. इथे माझं ठाम मत आहे: मांजराच्या आवडीच्या जागा बंद करू नका, त्या जागांपर्यंतची वाट सोपी करा. खिडकीत बसून कबुतरं बघणं हाच ज्याचा दिवस, त्याला जमिनीवर डांबलं तर ते आणखी आखडतं. खिडकीखाली आधी पाट, मग चौरंग, मग स्टूल अशी चढण लावा. एका पायरीतून दुसरीपर्यंत वीतभरापेक्षा जास्त अंतर नको. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काहीही डगमगता कामा नये. चौरंग एकदा हलला की मांजर पुन्हा त्यावर पाय ठेवत नाही. वर सुतळीने घट्ट बांधलेलं पोतं किंवा जुन्या योगा मॅटचा तुकडा चिकटवा. आपल्याकडच्या गुळगुळीत लाद्या या मांजरांच्या खऱ्या वैरी. मागचे पाय फाकतात आणि कंबर लचकते. जिथे ते उडी मारून उतरतं तिथे आणि जेवणाच्या जागेपासून ट्रेपर्यंतच्या वाटेवर सतरंजी अंथरा, खाली रबराची जाळी घाला म्हणजे ती सरकणार नाही.

लिटर ट्रे बाजारातून आणलाच पाहिजे असं नाही. कपडे ठेवायचा मोठा प्लॅस्टिकचा टब घ्या, एक बाजू जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा, कापलेल्या कडेवर जाड टेप लावा. मांजर आत पूर्ण वळू शकलं पाहिजे. भरड खड्यांऐवजी बारीक, मऊ लिटर (ट्रेमध्ये घालायची वाळू) घाला. मांजर ट्रेबाहेर घाण करायला लागलं तर रागावू नका, कड ओलांडताना त्याचं दुखत असू शकतं.

भांडी पाटावर ठेवा, मान कमी वाकवावी लागते. वजन जास्त असेल तर उतरवायचंच, पण आठवड्याला शरीराच्या एक-दोन टक्क्यांहून जास्त नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तरी यकृतात चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं. ओमेगा-3 हे स्निग्ध द्रव्य द्यायचं तर डॉक्टरांना विचारून माशाच्या तेलाचं. जवसातलं मांजराच्या शरीराला फारसं वापरता येत नाही. थंडीत घडी केलेली गोधडी भिंतीपासून दूर, वारा लागणार नाही अशा जागी घाला. शेकायचं तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा ते उठून जाईल.

नखं दर पंधरा दिवसांनी बघा. खरवडणं कमी झालं की ती वाढून वळतात आणि थेट पंजाच्या मऊ गादीत रुततात, अंगठ्याचं तर हमखास. खेळ थांबवू नका, फक्त दोरी हवेत नाचवण्याऐवजी जमिनीलगत हळू ओढा आणि ते दमलं की तिथेच थांबा.