जिप्सीचं टॅपेट सेटिंग घरच्या घरी

माझी जिप्सी कार्बोरेटरवाली, आठ व्हॉल्व्हची. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट (गॅप), नेहमी सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर लावते. थंड इंजिनाला गॅप इनटेकचा (आत घेणारा व्हॉल्व्ह) ०.१३ ते ०.१७, एक्झॉस्टचा (धूर बाहेर सोडणारा) ०.१६ ते ०.२० मिमी.

गाडी न्यूट्रल, हँडब्रेक वर, स्पार्क प्लग बाहेर. टॅपेट कव्हर काढा, क्रँक पुली पान्याने फिरवून एक नंबरचा पिस्टन वर आणा. त्याचे दोन्ही रॉकर हाताला किंचित खुळखुळले पाहिजेत. नाही खुळखुळले तर पूर्ण एक फेरा आणखी. आता एकचे दोन्ही, दोनचा इनटेक, तीनचा एक्झॉस्ट लावा. मग एक फेरा फिरवून चारचे दोन्ही, तीनचा इनटेक, दोनचा एक्झॉस्ट.

खरी कसोटी फिलर गेजची, म्हणजे गॅप मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांची. पाती जाड वहीतून कागद ओढावा तशी, हलकी धरत यावी. लॉकनट आवळताना रॉकरवरचा गॅप लावायचा स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून तो स्क्रूड्रायव्हरने धरून ठेवा आणि आवळल्यावर पाती पुन्हा घाला. हे मी कधीच चुकवत नाही.

टकटक बंद व्हावी म्हणून गॅप कमी करू नका. एका गॅरेजने माझ्या गाडीचं तसं केलं आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला. बारीक टिकटिक असू द्या.