इंजिन बदलताय? आधी जुनं कशानं गेलं ते शोधा, आणि या चुका टाळा

सेकंडहँड गाडी घेतली, वर्ष व्हायच्या आत इंजिन बसलं, आणि मालक टेम्पोत दुसरं इंजिन घालून थेट गॅरेजच्या दारात. "मिस्त्री, इंजिन आणलंय. तुम्ही फक्त बसवून द्या." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता आणलेल्या इंजिनाकडे बघायच्या आधी एकच विचारतो, जुनं कशानं गेलं? बहुतेकांना सांगता येत नाही. "ते आता भंगारात जाणार, त्याचं काय करायचंय?" असं वर म्हणतात. इथंच सगळं चुकतं. ज्या कारणानं पहिलं इंजिन गेलं ते कारण गाडीतच राहिलं असेल, तर दुसरं इंजिनही त्याच वाटेनं जाणार.

जुनं न उघडता नवं बसवणं

ही चूक मला सगळ्यांत जास्त छळते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एका शिक्षकांची मारुतीची डिझेल डिझायर होती, 2012 चं मॉडेल, 1248 सीसीचं म्हणजे 1.3 लिटरचं मल्टिजेट इंजिन. पावसाळ्यात आंबा घाटात रस्त्यावर आलेला दगड खालून चेंबरला, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीला, लागला. ऑइलचा लाल दिवा लागला, पण सरांना वाटलं, गाव चार किलोमीटरवर आहे, तेवढं जाईल. नाही गेलं. दीड किलोमीटरवर इंजिन जाम झालं.

त्यांनी दुसऱ्या एका फिटरकडून काम करून घेतलं. कुर्ल्याच्या बाजारातून हाफ इंजिन आणलं, नवं चेंबर लावलं, गाडी चालू झाली. 800 किलोमीटर झाले आणि खालून ठोका यायला लागला. मग गाडी माझ्याकडे आली. सर म्हणाले, "बाजारवाल्यानं फसवलं बघा मला. खराब इंजिन गळ्यात मारलं."

मी ऑइल काढलं आणि ट्रे उन्हात धरला. काळ्या ऑइलमध्ये बारीक चंदेरी चमक फिरत होती. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा वरचा थर निघून खालचं तांबं दिसत होतं. पण बोअर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंती, चांगले होते, पिस्टनवर ओरखडा नव्हता. म्हणजे आणलेलं इंजिन मुळात वाईट नव्हतं. मग चुरा आला कुठून?

हाफ इंजिन म्हणजे ब्लॉक, क्रँक (खालचा फिरणारा दांडा), पिस्टन आणि त्यांना क्रँकला जोडणारे रॉड. वरचं सगळं सामान जुन्या इंजिनावरून काढून लावायचं असतं. या इंजिनाला ऑइल कूलर फिल्टरच्या हाउसिंगवरच बसवलेला असतो, आणि तो जुनाच लावला होता. मी तो काढला, आत डिझेल ओतलं, हलवलं आणि पांढऱ्या फडक्यावर पालथा केला. फडक्यावर धातूची कणी पडली. पुन्हा डिझेल ओतलं, पुन्हा कणी. पाचव्या वेळेलाही पडतच होती. पहिलं इंजिन ऑइलविना घासून मेलं, तेव्हाचा सगळा चुरा त्या कूलरच्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन बसला होता. त्या फिटरनं तो कूलर वरून पुसून नव्या इंजिनाला लावला, आणि ऑइल गरम होऊन फिरायला लागलं तसा तो चुरा सुटत गेला.

म्हणून माझी पद्धत अशी. बेअरिंग जाऊन मेलेल्या इंजिनाचा ऑइल कूलर मी धुत बसत नाही, नवाच टाकतो. टर्बोला ऑइल देणारा पाइप नवा. ऑइलची जाळी नवी, चेंबर आतून हात घालून धुतलेलं. टर्बो टर्बोवाल्याकडून तपासून घेतल्याशिवाय लावत नाही. टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमध्ये ऑइल साचलेलं असतं तेही काढतो, कारण डिझेल गाडीत ते ऑइल इंजिनानं ओढलं तर ते इंधनासारखं जळतं आणि इंजिन चावी बंद करूनही पळत सुटतं. सरांना मी हिशेब मांडून दाखवला. कूलर आणि पाइपचा खर्च त्या इंजिनाच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाएवढाही नव्हता. ते बराच वेळ गप्प बसले. माणसाचा पगार त्यात गेलेला असतो, हे कामाची घाई करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

जुनं इंजिन उघडायला मला अर्धा दिवस लागतो. कुठलं बेअरिंग आधी गेलं, पिस्टन वितळलाय की अडकलाय, रॉड वाकलाय का, हे डोळ्यांनी बघतो. एकच पिस्टन जळलेला असेल तर त्या सिलेंडरचा इंजेक्टर तपासायचा. रॉड वाकलेला असेल आणि बेअरिंग ठीक असेल तर पाणी आत गेलंय. हा अर्धा दिवस द्यायला जो तयार नसतो, त्याचं काम मी घेत नाही.

हेड न तपासता गॅस्केट बदलणं

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक. गाडी गरम झाली, हेड (इंजिनाचा वरचा भाग) आणि ब्लॉक यांच्यामधलं हेड गॅस्केट उडालं, नवं टाकलं, दोन महिन्यांत पुन्हा उडालं. लोक गॅस्केटच्या कंपनीला नावं ठेवतात. अहो, हेड ॲल्युमिनियमचं आहे, गरम होऊन ते वाकतं. वाकलेल्या हेडखाली कितीही भारी गॅस्केट घाला, ते धरणार नाही.

हेडवर सरळ पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांत ठेवायची आणि खाली फीलर गेजचं, म्हणजे मोजलेल्या जाडीच्या पातळ पट्टीचं, पान सरकतं का बघायचं. मारुतीच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांना मर्यादा 0.05 मिलिमीटर आहे, म्हणजे केसापेक्षाही कमी. डोळ्याला हे दिसूच शकत नाही. माझ्याकडे एक वॅगनआर आली होती, तिचं गॅस्केट तीनदा बदललं होतं आणि पट्टी एकदाही लावली नव्हती. मी लावली तर मधल्या दोन सिलेंडरच्या मध्ये 0.15 चं पान सहज आत गेलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हेड फेसिंग करून, म्हणजे मशिनवर सपाट करून आणलं, गॅस्केट टाकलं, अजून ती गाडी पळतेय. ऑइल इंजिनांच्या काळापासून उद्यमनगरात ओतकाम आणि मशिनकाम चालत आलंय, असं काम करणारे हात तिथं आहेत. त्यांचा उपयोग करा.

हेड बोल्ट आवळताना मधून सुरुवात करून बाहेर जायचं, टप्प्याटप्प्यानं, आवळ मोजणाऱ्या टॉर्क रेंचनं. सोडताना उलट, बाहेरून आत. "माझ्या हाताला अंदाज आहे" म्हणणाऱ्या पोरांना मी तो अंदाज रेंच लावून तपासायला सांगतो. एकाच हाताचे दहा बोल्ट दहा वेगळ्या मापाचे निघतात. आणि ताणले जाणारे बोल्ट असतील तर ते एकदाच वापरायचे असतात, नवे घ्या.

याच रांगेतला आणखी एक उपाय मला अजिबात सहन होत नाही, तो म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणं. "आपल्याकडं ऊन लई असतंय, त्याची गरजच नाय" हे ज्ञान गावोगावी पसरलंय. थर्मोस्टॅट इंजिन लवकर गरम होऊन योग्य तापमानावर राहावं म्हणून असतो. तो काढला की हायवेवर इंजिन कायम थंड राहतं, पेट्रोल जास्त पितं, ऑइलमध्ये गाळ धरतो, आणि ट्रॅफिकमध्ये गरम व्हायचं ते होतंच, कारण खरा दोष चोंदलेल्या रेडिएटरचा किंवा न फिरणाऱ्या पंख्याचा असतो. थर्मोस्टॅट काढणाऱ्यानं फक्त तापमानाच्या काट्याला गप्प केलेलं असतं. रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालणंही याच जातीतलं. कूलंट घाला, आणि घातल्यावर एअर काढा, नाहीतर हेडमध्ये हवेचा फुगा अडकून नवं गॅस्केटही जळेल.

टायमिंगला पेंटची खूण

मल्टिजेटला टायमिंग चेन असते, म्हणजे क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडणारी साखळी. कॅम आणि क्रँक पिनांनी लॉक करून ती बसवायची असते. पिनांचा सेट घ्यायचा नाही म्हणून पेंटनं खुणा करून चेन बदलणारे भरपूर आहेत. एक दात इकडंतिकडं झाला की व्हॉल्व्ह दाबणारे रॉकर तुटतात. पिनांचा सेट घ्या. मी माझा घेतला तेव्हा दोन महिन्यांची शिल्लक गेली होती, पण त्यानंतर एकही चेन चुकली नाही.

सिलिकॉनचा लेप

चेंबर बसवताना ट्यूबभर सिलिकॉन थापायचं. बाहेर आलेलं दिसतं, ते पुसून टाकता येतं. आत तेवढंच आलेलं असतं, ते सुटून ऑइलच्या जाळीत अडकतं. मी तांदळाच्या दाण्याएवढी जाड, न तुटलेली रेघ ओढतो, बस्स.

इंजिन विकत घेताना

चालू इंजिनाचा व्हिडिओ बघून पैसे पाठवू नका. जाड ऑइल घातलं की ठोका आणि धूर दोन-चार दिवस लपतात. स्वतः जा, कॉम्प्रेशन गेज बरोबर न्या. छोट्या पेट्रोल इंजिनात साधारण 11 ते 14 किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) मध्ये आकडा यावा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सिलेंडरांमधला फरक किलोच्या वर नको. तीन सिलेंडर 13 आणि एक 9 असेल तर ते इंजिन तिथंच ठेवून या, भाव कितीही कमी असला तरी.

नाव एकच म्हणून इंजिन एकच असं समजू नका. हेच 1.3 डिझेल स्विफ्ट-डिझायरमध्ये 75 हॉर्सपॉवरचं आणि अर्टिगा-सियाझमध्ये 90 हॉर्सपॉवरचं आलं. टर्बो वेगळा, ईसीयू म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर वेगळा. इंजिन बसतं, पण गाडी नीट चालत नाही, आणि मग वायरिंगवर संशय घेत महिने जातात.

इंजिनावरचा नंबर खरवडलेला असेल तर हात लावू नका. बिल घ्या. आरसीवर इंजिन नंबर असतो, म्हणून बदल केल्यावर आरटीओत नोंद करावीच लागते. आधी मंजुरी घेतली नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार 14 दिवसांत कळवायचं असतं. विमा कंपनीलाही सांगा. अपघाताच्या दिवशी नंबर जुळला नाही तर पुढचं सगळं तुम्हालाच निस्तरावं लागेल.

पाण्यात बंद पडलेली गाडी

स्टार्टर मारू नका. पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. गाडी ओढून आणा. विम्यात इंजिन प्रोटेक्शन घेतलेलं नसेल तर हा खर्च साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही, म्हणून पूर येणाऱ्या भागात राहत असाल तर ते घ्याच.

पहिला स्टार्ट

इतकं सगळं नीट करून शेवटच्या पाच मिनिटांत घाई करणारे मी पाहिलेत. मालक उभा असतो, पेढे आणलेले असतात, आणि पोरगं चावी फिरवतं. नव्या इंजिनात त्या वेळी बेअरिंगपर्यंत ऑइल पोचलेलंच नसतं. मी फिल्टरमध्ये ऑइल भरतो, टर्बोच्या तोंडात थोडं ऑइल ओततो, इंजेक्टरचे कनेक्टर काढतो आणि नुसता स्टार्टर मारतो, थांबून थांबून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. दिवा विझला की मगच कनेक्टर जोडतो.

पहिले 1000 किलोमीटर इंजिन ताणू नका, पण एकाच स्पीडनंही चालवत राहू नका. आणि 500 किलोमीटरला ऑइल व फिल्टर बदला, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो. ते फिल्टर फेकू नका. कात्रीनं कागद कापा, घड्या उलगडून उन्हात पसरा आणि बघा.

सरांच्या डिझायरला मी नवी बेअरिंग घातली, क्रँक मोजून घेतला, कूलर आणि पाइप नवे टाकले. 500 किलोमीटरला ते गाडी घेऊन आले. फिल्टरचा कागद त्यांच्यासमोरच कापला आणि बोनेटवर पसरला. चष्मा पुसून त्यांनी एकेक घडी बघितली. एकही कण नव्हता. "मिस्त्री, आता रत्नागिरीला जाऊ का हिच्यातनं?" म्हणाले. मी म्हटलं, "जावा. पण लाल दिवा लागला तर जागेवर बंद करायची, गाव समोर दिसत असलं तरी."