तान्ह्या पोळ्याचे भांडण आणि मुलांशी बोलण्याची रीत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा भरतो. लाकडी नंदी घेऊन मुले घरोघरी बोजारा (नंदीच्या निमित्ताने मिळणारे पैसे) मागतात आणि सायंकाळी त्या पैशांच्या वाटणीवरून गल्लीत एखादे तरी भांडण होतेच. आपल्या मुलाने काही नोटा खिशात दडवल्याचे लक्षात आले, तर त्याला सर्वांदेखत चोर म्हणण्याचा मोह आवरावा आणि घरात बाजूला घेऊन बोलावे.

आधी त्याचे ऐकावे. ‘मुद्दाम केलेस की चुकून?’ या प्रश्नाला कोणतेही मूल ‘चुकून’ असेच उत्तर देईल. ‘या पैशांचे काय करणार होतास?’ असे विचारले, तर हेतू उघड होण्याची शक्यता अधिक. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना दोन गोष्टी सांगितल्या होत्या: एका मुलाकडून दार उघडताना नकळत पंधरा कप फुटतात, तर दुसऱ्याकडून चोरून जॅम काढताना एकच फुटतो. लहान मुले फुटलेले कप मोजून पहिल्याला अधिक दोषी ठरवत, मोठी मुले हेतू पाहत. पुढील संशोधनात मात्र असे दिसले की, हेतू स्पष्ट करून सांगितला तर तीन-चार वर्षांच्या मुलांनाही तो उमगतो. आपल्या घरांत नेमके उलटे घडते: हातून काचेचे भांडे फुटले की आरडाओरडा होतो आणि सहज मारलेली थाप हसण्यावारी नेली जाते.

त्यानंतर परिणाम सांगावा, आणि तो दुसऱ्या मुलाच्या बाजूने सांगावा. ‘तोही तुझ्याइतकाच फिरला, आता घरी गेल्यावर तो आईला काय दाखवेल?’ हे वाक्य धाकापेक्षा अधिक काळ मनात राहते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्टिन हॉफमन यांनी मार, अबोला आणि असे समजावणे यांची तुलना करून समजावण्यालाच सर्वाधिक महत्त्व दिले. ‘पोलीस नेतील’ ही धमकी तर मुळात खोटी आहे, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम २० नुसार सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य गुन्हा ठरत नाही.

देवघरात चप्पल घालून जाणे आणि भावाला मारणे या दोहोंना सरसकट ‘पाप’ म्हणू नये. पहिला घरचा रिवाज आहे, दुसऱ्यात कोणाला तरी दुखते, आणि हा भेद मुलांना शाळेत जाण्यापूर्वीच कळू लागतो.

मग भरपाई. पैसे मुलानेच परत नेऊन द्यावेत. आपण फाटकापर्यंत सोबत जावे, पण त्याच्या वतीने बोलू नये. ‘सॉरी म्हण’ असा हट्ट धरल्यास शब्द मिळतो आणि विषय तिथेच संपतो.

आपण त्याच्यावर विनाकारण ओरडलो असू, तर तेही त्याच दिवशी कबूल करावे. सकाळी मारबतीसोबत, म्हणजे त्या दिवशी मिरवून जाळल्या जाणाऱ्या पुतळ्यासोबत, ईडापीडा धाडून दिली, तरी स्वतःची चूक तिच्या गळ्यात बांधता येत नाही. ‘मी न विचारता ओरडलो, ते चुकले’ एवढेच म्हणावे आणि त्यापुढे ‘पण’ जोडू नये.